जड ट्रेलर, लांब चढ आणि गरम होणारं डिझेल इंजिन: तपासणीपासून घाट उतरेपर्यंत

रिकामा ट्रक सहसा गरम होत नाही, आणि तिथेच आपण फसतो. महिनोन्‌महिने तापमानाचा काटा मधोमध असतो, म्हणून कूलिंग ठणठणीत आहे असं आपण धरून चालतो. मग एक दिवस मागे जड ट्रेलर जोडला जातो, लांब चढ लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला काटा सरकायला लागतो. कुणी म्हणतं रेडिएटर बदला, कुणी म्हणतं थर्मोस्टॅट (रेडिएटरकडची वाट तापमानाप्रमाणे उघडणारी झडप) काढून टाका, कुणी म्हणतं या मॉडेलचं इंजिनच गरम आहे.

माझं मत वेगळं आहे. लोडवर गरम होणाऱ्या बहुतेक गाड्यांत एकच मोठा बिघाड नसतो. तीन-चार बारीक उणिवा असतात आणि एरवी त्या सिस्टिमच्या राखीव ताकदीखाली झाकलेल्या राहतात. लोड आणि चढ मिळून ती राखीव ताकद संपवतात आणि मग सगळ्या उणिवा एकदम उघड्या पडतात. म्हणून एकच दोषी पार्ट शोधत बसण्यापेक्षा राखीव ताकद कुठे कुठे गळते आहे ते शोधायचं. पुढची सगळी कामं याच हिशेबाने लावली आहेत.

आधी उष्णतेचं गणित

हे गणित वगळू नका. एकदा डोक्यात बसलं की पुढचं अर्धं काम आपोआप कळतं.

ट्रक आणि ट्रेलर मिळून २० टन वजन आहे असं धरू. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने जायला इंजिनाला साधारण ४५ किलोवॅट ताकद पुरते. तेच वजन घेऊन ६ टक्क्यांचा चढ, म्हणजे १०० मीटर अंतरात ६ मीटर उंची, ताशी ४० ने चढायचा तर नुसतं वजन वर उचलायलाच १३० किलोवॅट लागतात. टायरचं घर्षण आणि गिअरबॉक्समधलं नुकसान धरलं की आकडा १६० च्या आसपास जातो. वेग कमी झाला, तरी ताकद साडेतीनपट लागली.

चांगलं डिझेल इंजिन जळलेल्या इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे ४० टक्के भाग कामात बदलतं. १६० किलोवॅट कामासाठी ४०० किलोवॅटचं डिझेल जळतं, म्हणजे तासाला जवळपास ४० लिटर. उरलेल्यातला मोठा भाग सायलेन्सरमधून जातो आणि सुमारे चतुर्थांश, म्हणजे १०० किलोवॅट, कूलंटमध्ये (इंजिनात फिरून त्याला गार ठेवणाऱ्या मिश्रणात) उतरतो. पाणी तापवायचे २ किलोवॅटचे ५० गीझर एकाच टाकीत चालू ठेवल्यावर जेवढी उष्णता होईल, तेवढी. चढ संपेपर्यंत ती क्षणाक्षणाला बाहेर टाकत राहायची आहे. त्यासाठी रेडिएटरमधून दर सेकंदाला ३ घनमीटरच्या आसपास हवा जावी लागते. ताशी ४० च्या वेगाने समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या भरवशावर हे होत नाही. पंखा चालावाच लागतो.

आता कळीचा मुद्दा. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. बाहेर ३० अंश सेल्सिअस आहे, पण रेडिएटरच्या पुढे एसीची उष्णता टाकणारा कंडेन्सर आणि टर्बोची तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर असतात. त्यांच्यातून येताना हवा तापून ४० अंशांची झाली. कूलंट ९५ वर आहे. फरक ५५ अंशांचा, आणि समजा तेवढ्यावर १०० किलोवॅट बरोबर बाहेर पडताहेत. जाळीत धूळ बसून रेडिएटरची ताकद १० टक्के घटली तर तीच उष्णता टाकायला फरक ६१ अंश लागेल. कूलंट १०१ वर जाऊन स्थिरावेल. काही घाबरण्यासारखं नाही. फॅन क्लच (पंख्याला इंजिनाशी जोडणारा भाग) थोडा घसरतोय, आणखी १० टक्के गेले, की कूलंट १०८ वर. बेल्ट ढिला आहे किंवा उंचीवर हवा विरळ आहे, आणखी १० टक्के गेले, की ११५ वर. यातली एकही उणीव रिकाम्या गाडीत जाणवली नसती, कारण सपाटीवर टाकायची उष्णताच याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असते.

चढाच्या सुरुवातीला काटा शांत असतो आणि शेवटी उसळतो, त्याचंही उत्तर इथेच आहे. इंजिनाचं लोखंड आणि ४० लिटर कूलंट मिळून उष्णता साठवून धरतात. फक्त १० टक्क्यांची तूट असली तर तापमान एक अंश चढायला सुरुवातीला सुमारे मिनिटभर लागतं. म्हणून छोट्या चढावर गाडी पास झाली याचा अर्थ ती लांब चढावरही टिकेल असा होत नाही.

पायरी १: थंड इंजिनावर कूलंट आणि झाकण

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी हे काम करा. टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर नुसतं भरून पुढे जाऊ नका. बंद सिस्टिम पाणी पीत नाही. कमी झालं म्हणजे कुठूनतरी गेलं.

झाकणाकडे लोक बघतही नाहीत, आणि मला तो निष्काळजीपणा सगळ्यांत जास्त खटकतो. झाकण सिस्टिममध्ये दाब धरून ठेवतं. पुष्कळ गाड्यांत तो १ बारच्या आसपास असतो आणि आकडा झाकणावर छापलेला असतो. १ बार जास्तीच्या दाबाखाली साधं पाणीही १२० अंशांना उकळतं, आणि निम्मं पाणी, निम्मं ग्लायकोल (कूलंटमधला मुख्य द्रव) असं मिश्रण १३० च्या जवळपास. झाकणाचं रबर फाटलं किंवा स्प्रिंग मरगळली की हे सगळं संरक्षण जातं. २००० मीटर उंचीवर दाबाशिवाय पाणी ९३ अंशांनाच उकळतं, म्हणजे इंजिनाच्या रोजच्या चालू तापमानालाच. गाडीत दुसरं काही बिघडलेलं नसतानाही ती टाकीतून वाफ फेकेल. रबराला भेग, चपटेपणा किंवा कडकपणा दिसला तर झाकण बदला, आणि त्याच दाबाचं घ्या. जास्त दाबाचं झाकण लावून सुधारणा होत नाही. तो ताण होज (रबरी नळ्या), टाकी आणि रेडिएटरच्या सांध्यांवर जातो.

मिश्रणाचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे थेंबावरून प्रमाण दाखवणाऱ्या साधनाने, बघा. बहुतेक उत्पादक ५०-५० सांगतात. साधं पाणी जास्त उष्णता वाहून नेतं हे खरंच आहे. ग्लायकोल मिसळलं की ती क्षमता थोडी घटते आणि शुद्ध ग्लायकोलमध्ये तर बरीच घटते. म्हणून ‘जास्त ग्लायकोल म्हणजे जास्त गार’ ही समजूत चुकीची आहे. पण नुसतं पाणी घालणाऱ्यांनी डिझेल इंजिनातलं एक विशेष दुखणं लक्षात घ्यावं. प्रत्येक स्फोटाबरोबर लायनरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीची, भिंत थरथरते. तिच्या बाहेरच्या अंगाला कूलंटमध्ये बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि प्रत्येक फुटण्याने धातूचा कण उडतो. काही काळाने लायनरला सुईच्या टोकाएवढी भोकं पडून पाणी थेट सिलिंडरमध्ये शिरतं. कूलंटमधली रसायनं लायनरवर पातळ थर धरतात आणि ही झीज रोखतात. ती रसायनं वापरात संपत जातात, म्हणून त्यांच्या चाचणीच्या पट्ट्या मिळतात. तुमच्या कूलंटच्या प्रकाराची पट्टी घ्या. नायट्राइट मोजणारी पट्टी नायट्राइट नसलेल्या कूलंटमध्ये बुडवून काहीच कळणार नाही. रंग सारखा दिसतो म्हणून दोन प्रकारची कूलंटं एकत्र करू नका, रंगाला कुठलंही प्रमाण नाही. पाणी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड वापरा. जड पाण्यातला क्षार नळ्यांच्या आतून थर धरतो आणि तो थर उष्णता अडवतो.

पायरी २: जाळी, आणि तिच्यामागे लपलेली दुसरी जाळी

एकाच कामाला वेळ असेल तर ते हे करा.

समोरून बघितल्यावर जी जाळी दिसते ती बहुधा कंडेन्सरची असते. तिच्यामागे इंटरकूलर आणि त्याच्याही मागे रेडिएटर. धूळ, किडे, गवताचं बी, कापसासारखा बारीक तंतू पहिल्या दोन थरांतून निसटतो आणि इंटरकूलर व रेडिएटर यांच्यामधल्या फटीत अडकतो. समोरून धुतलेली गाडी चकचकीत दिसते आणि मधला थर गोधडीसारखा भरलेला असतो. रेडिएटर नवा बसवून, पंपही बदलून गाडी पुन्हा चढावर तापली आणि मग मधल्या फटीतून मूठभर कचरा निघाला, असं या कामात वारंवार घडतं.

इंजिनाच्या बाजूने टॉर्च लावा आणि समोरून बघा. उजेड सगळीकडून सारखा येत नसेल तर स्वच्छता करायची आहे. शक्य असेल तिथे वरचे-खालचे बोल्ट काढून इंटरकूलर किंवा कंडेन्सर थोडा पुढे झुकवा. पाइप न सोडताही पुष्कळ गाड्यांत चार बोटांची फट मिळते. मग पाणी इंजिनाच्या बाजूकडून समोर मारा. घाण समोरून आत आली आहे, तिला आल्या वाटेनेच बाहेर काढायचं. उलट मारलं तर ती आणखी आत ठासली जाते. पाण्याचा दाब कमी ठेवा आणि धार जाळीला अगदी काटकोनात धरा. जोराचा प्रेशर वॉशर तिरका लागला की पातळ पत्रे झोपतात आणि मिटलेली जाळी ही भरलेल्या जाळीइतकीच बंद असते. धूळ तेलकट असेल तर आधी डीग्रीझर मारून दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या. तेलकटपणा कुठून आला तेही बघा. क्रँककेसच्या ब्रीदरमधून (इंजिनाच्या खालच्या भागातला वायू सोडणाऱ्या नळीतून) येणारी तेलाची वाफ किंवा गळका सील तसाच ठेवला तर महिन्याभरात पुन्हा तोच चिखल होईल.

पंख्याभोवतीचा श्राऊड (हवा जाळीतूनच ओढली जावी म्हणून बसवलेलं कव्हर) आणि रेडिएटरच्या कडांना लावलेल्या फोमच्या किंवा रबरी पट्ट्या यांनाही हात लावून बघा. श्राऊड तुटला असेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी शेजारची हवा घुसळत बसतो. पट्ट्या गळून गेल्या असतील तर रेडिएटरमागची तापलेली हवा कडेने वळसा घालून पुन्हा पुढे येते. समोर लावलेले जादा दिवे, जाड गार्ड, मोठी पाटी हे सगळं हवेच्या तोंडावर बसलेलं असतं. चढावर त्याची किंमत अंशांत मोजली जाते.

पायरी ३: पंखा आणि त्याचा क्लच

पंखा सतत इंजिनाला जखडलेला का नसतो? पंख्याला लागणारी ताकद त्याच्या वेगाच्या घनाने वाढते. वेग २० टक्के वाढला तर ताकद जवळपास पाऊणपट जास्त लागते. मोठ्या ट्रकचा पंखा पूर्ण वेगात इंजिनाची कित्येक किलोवॅट ताकद खातो. म्हणून गरज नसताना तो क्लचने मोकळा सोडलेला असतो.

व्हिस्कस क्लचमध्ये सिलिकॉन तेल असतं. साध्या प्रकारात हबच्या तोंडावरची द्विधातूची गुंडाळी रेडिएटरमागच्या गरम हवेने तापते, आतली झडप उघडते, तेल पुढे येतं आणि पंखा पकडला जातो. वयाबरोबर हे तेल झिरपून जातं. हबच्या मध्यातून बाहेर पसरलेले तेलकट, धुळकट पट्टे दिसले तर संशय घ्या. गरम इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा आणि पंखा हाताने फिरवा. जाड मधात हात फिरवल्यासारखा अडथळा लागला पाहिजे. मोकळा फिरत राहिला तर क्लच संपला आहे. हवेच्या दाबावर चालणारा क्लच एक तर पूर्ण लागतो किंवा पूर्ण सुटतो. त्यात हवेची गळती आणि वायरिंग बघायची. इलेक्ट्रॉनिक व्हिस्कस प्रकारात जोडाच्या पिना गंजलेल्या असणं हा नेहमीचा दोष.

सगळ्यांत खात्रीची चाचणी कानाची आहे. लोड घेऊन चढताना पंखा लागला की मोठा घोंघाट ऐकू यायलाच हवा. तापमान शंभरी गाठतंय आणि केबिन शांत आहे, तर पंखा काम करत नाही. त्या शांततेला चांगली खूण समजू नका.

पायरी ४: पंप, बेल्ट, होज, थर्मोस्टॅट

१०० किलोवॅट उष्णता घेऊन सेकंदाला ५ लिटरच्या आसपास कूलंट फिरत असेल तर रेडिएटरमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना तापमानात फरक फक्त पाच-सहा अंशांचा असतो. पहिल्यांदा हे ऐकणाऱ्याला ते खोटं वाटतं. रेडिएटर पाणी ‘गार’ करतो असं आपण म्हणतो, पण प्रत्येक फेरीत तो थोडीच उष्णता काढतो. सगळा खेळ फेऱ्यांच्या संख्येवर आहे. म्हणून बेल्ट घसरला, पंपाचा इम्पेलर (आतलं पात्यांचं चाक) झिजला की लगेच फटका बसतो. बेल्टच्या कडा चकाकत असतील, तडे गेले असतील, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) थरथरत असेल तर बदला. पंपाखालच्या बारीक भोकातून सुकलेल्या कूलंटचा पांढरा किंवा रंगीत डाग आला असेल तर पंपाचा सील जायला लागला आहे.

खालच्या होजकडे विशेष लक्ष द्या. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. आतून सैल झाला किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली तर जास्त आरपीएमला तो आत चेपतो आणि प्रवाह आवळला जातो. उभ्या गाडीत आयडलवर हे दिसत नाही. कुणाला तरी आरपीएम वाढवायला सांगा आणि लांबून नजर ठेवा, बेल्टजवळ हात नेऊ नका.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मी कधीच देणार नाही. तो साधारण ८२ ते ९० अंशांना उघडायला लागतो आणि आणखी दहाएक अंशांत पूर्ण उघडतो. अनेक डिझेल इंजिनांत तो उघडताना दुसरं एक कामही करतो: बायपासची वाट बंद करतो. काढून टाकला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि कूलंटचा मोठा हिस्सा रेडिएटरला न भेटताच इंजिनात परततो. रिकाम्या गाडीत इंजिन गारच राहतं, झीज वाढते, डिझेल जास्त लागतं. लोडवर मात्र ते आधीपेक्षा जास्त तापतं. संशय असेल तर थर्मोस्टॅट पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसह तापवून बघा आणि छापलेल्या तापमानाला उघडत नसेल तर नवा घाला. काही मोठ्या इंजिनांत दोन असतात, तेव्हा दोन्ही एकदम बदला.

पायरी ५: आकडा दाखवणारा मीटर

कित्येक नव्या गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. ८० पासून १०० च्या पुढेपर्यंत तो मधोमध बसतो आणि हलतो तेव्हा गोष्ट हाताबाहेर जायला आलेली असते. ओढकाम करणाऱ्याने डायग्नोस्टिक सॉकेटमधून खरे अंश दाखवणारं साधन लावावं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर त्याच्या तेलाचं तापमानही बघा. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) लॉक न होता चढावर घसरत राहिला की तो स्वतः मोठा हीटर होतो, आणि त्याचा कूलर पुष्कळदा याच रेडिएटरमध्ये असतो.

साधारणपणे ८५ ते ९८ हे रोजचं, लोडखाली १०५ पर्यंत चढ सहन करण्याजोगा, आणि ११० च्या आसपास थांबायची वेळ. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

एक धोका लक्षात ठेवा. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तोवरच खरं सांगतो. होज फुटून पाणी निघून गेलं तर तो वाफेत लटकतो आणि आकडा खाली येऊ शकतो. चढावर तापमान अचानक उतरलं तर सुटकेचा श्वास टाकू नका, बाजूला घ्या.

पायरी ६: जोडणी

ट्रक आणि ट्रेलर मिळून एकूण वजनाची मर्यादा उत्पादकाने दिलेली असते. ती ठरवताना कूलिंगही मोजलेलं असतं. चिप बदलून किंवा ट्यूनिंग करून ताकद वाढवलेल्या गाडीत जास्त डिझेल जळतं, पण रेडिएटर तेवढाच राहतो. त्या वाढीव ताकदीचा उपयोग लांब चढावर करू नका.

निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरला थांबा आणि ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या हबजवळ इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. एक चाक बाकीच्यांपेक्षा बरंच गरम असेल तर ब्रेक चिकटतोय. तो ब्रेक ओढत नेणं म्हणजे न दिसणारा जादा चढ चढणं. एअर फिल्टर चोंदलेला असेल किंवा इंटरकूलरच्या पाइपमधून हवा गळत असेल तरी इंजिन त्याच कामासाठी जास्त तापतं. हे दोन्ही निघायच्या आधी बघून घ्या.

पायरी ७: चढावर गाडी कशी हाकायची

इथून पुढे यंत्र संपतं आणि चालक सुरू होतो.

चढ सुरू व्हायच्या आधी एसी बंद करा. कंडेन्सर रेडिएटरसमोर उष्णता ओततो, ती थांबेल. पंखा हाताने लावायची सोय असेल तर चढाच्या पायथ्याशीच लावा. पाच अंश कमी घेऊन चढायला लागणं म्हणजे हातात काही मिनिटांची ठेव असणं.

गिअर आधीच खाली घ्या. १२०० आरपीएमला पूर्ण एक्सलरेटर दाबून कण्हत चढणं इंजिनाला सगळ्यांत जड जातं: प्रत्येक स्ट्रोकला ताण जास्त, आणि पंप व पंखा मंद. त्याच रस्त्याच्या वेगाला एक गिअर खाली घेऊन १६०० ला चढलात तर ताकद जवळपास तेवढीच लागते, पण पंप आणि पंखा एक तृतीयांश जास्त वेगाने फिरतात. डिझेल थोडं जास्त लागेल, ते लागू द्या. आकडे तुमच्या इंजिनाप्रमाणे बदलतील, नियम मात्र तोच.

तरीही तापमान चढतंय तर वेग कमी करा. ताशी ४० ऐवजी ३२ ने चढलात तर लागणारी ताकद, आणि म्हणून उष्णता, सुमारे २० टक्क्यांनी घटते. १० किलोमीटरच्या चढाला १५ मिनिटांऐवजी पावणेएकोणीस मिनिटं लागतील. पावणेचार मिनिटांत २० टक्के उष्णता वाचते, याहून स्वस्त दुरुस्ती मला माहीत नाही. वर काढलेल्या हिशेबात दोन उणिवांनी खाल्लेली राखीव ताकद एवढ्याने परत मिळते. अर्थात आरपीएम राखून, म्हणजे गिअर पुन्हा एक खाली घेऊन.

उंची वाढेल तशी सवलत कमी होते. २००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा १८ टक्के कमी असते, ३००० वर सुमारे २६ टक्के. पंखा तेवढेच घनमीटर ओढतो, पण त्यात हवा कमी असते. डोंगरातली हवा गार असते हा दिलासा खरा आहे. तो प्रत्येक वेळी पुरेसा पडत नाही.

पायरी ८: उतार, आणि रिटार्डरची उष्णता

माथा आला की काळजी संपली असं वाटतं. हायड्रॉलिक रिटार्डर (तेलाच्या रोधाने वेग धरणारा जादा ब्रेक) असलेल्या गाडीत ती नव्याने सुरू होते. वरच्याच २० टनांना ६ टक्क्यांच्या उतारावर ताशी ४० ला धरून ठेवायचं तर ११० किलोवॅटच्या आसपास ऊर्जा अडवावी लागते. रिटार्डर ती तेलात उतरवतो आणि तेल ती कूलंटला देतं. म्हणजे इंजिन डिझेलही जाळत नाही आणि कूलंटमध्ये मात्र चढाइतकीच उष्णता ओतली जातेय. त्यात वरच्या गिअरमध्ये आरपीएम कमी असले तर पंप आणि पंखा दोन्ही मंद. तापमान वाढलं की सिस्टिम रिटार्डर आपोआप कमी करते, आणि नेमकी तेव्हाच तुम्हाला त्याची सर्वांत जास्त गरज असते.

म्हणून उतार सुरू व्हायच्या आधी गिअर खाली, आरपीएम उत्पादकाने सांगितलेल्या हद्दीत वर, आणि इंजिन ब्रेक असेल तर आधी तो वापरा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली दाबलेली हवा, सोडणारा इंजिन ब्रेक आपली उष्णता बहुतेक सायलेन्सरवाटे टाकतो. रिटार्डर जोडीला ठेवा. माथ्यावर कूलंट १०५ वर असेल तर उतरायच्या आधी सुरक्षित जागी थांबून ते खाली येऊ द्या.

पायरी ९: तरीही उकळायला लागली तर

दोन परिस्थिती वेगळ्या ओळखा.

कूलंट जागेवर आहे, बेल्ट शाबूत आहे, नुसतं तापमान चढलंय: गाडी बाजूला घ्या, न्यूट्रल करा, इंजिन चालू ठेवून १००० ते १२०० आरपीएमवर धरा. केबिनचा हीटर पूर्ण गरमवर आणि पूर्ण वेगात सोडा. तो एक छोटा जादा रेडिएटरच आहे. तीन-पाच मिनिटांत आकडा उतरायला हवा. इथे इंजिन लगेच बंद केलं तर प्रवाह थांबतो, सिलिंडर हेडभोवतीचं कूलंट जागच्या जागी उकळतं आणि टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा धरतं.

वाफेचा फवारा येतोय, पातळीचा दिवा लागलाय, बेल्ट तुटलाय किंवा आकडा अचानक पडलाय: इंजिन ताबडतोब बंद. पाण्याशिवाय ते चालवणं म्हणजे हेड वाकवणं.

झाकणाला हात लावायच्या आधी अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज हाताला सोसवेल इतका निवला आणि दाबल्यावर मऊ लागला, की जाड फडकं धरून झाकण थोडं फिरवा, दाब जाऊ द्या, मग काढा. तापलेल्या झाकणातून उडालेलं कूलंट तोंडावर आणि डोळ्यांत जातं. इतकी घाई कुठल्याच मालाला नसते. तापलेल्या, रिकाम्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नका, हेडला तडा जातो. इंजिन कोमट झाल्यावर ते आयडलवर ठेवून थोडं थोडं भरा, हवा काढायचे स्क्रू असतील तर त्यातून बुडबुडे थांबेपर्यंत. किती लिटर गेलं ते लिहून ठेवा, कारण साधं पाणी भरलं असेल तर मिश्रण पातळ झालंय आणि नंतर प्रमाण परत आणायचं आहे.

पायरी १०: परतल्यावर शोध

लोडवर तापलेल्या गाडीत पंपाचा दोष की हवेचा, हे ओळखायला रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होजचं तापमान मदत करतं. फरक खूप मोठा असेल तर कूलंट हळू फिरतंय: पंप, बेल्ट, चेपलेला होज, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट. फरक अगदी कमी आणि दोन्ही टोकं गरम, तर पाणी फिरतंय पण हवा उष्णता घेत नाही: जाळी, पंखा, श्राऊड. रेडिएटरच्या पृष्ठभागावर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवताना मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या आतून बंद आहेत.

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच होज टणक झाला, टाकीत बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचं सील) किंवा तडा. रंग बदलणाऱ्या द्रवाची चाचणी टाकीच्या तोंडाशी करून खात्री करून घ्या. बाहेर कुठेही थेंब नाही, कूलंट मात्र कमी होतंय आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाची पांढरी वाफ येतेय, तर ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर गार करणारा भाग) किंवा लायनर बघा. कूलंटवर तेलाची साय आली असेल तर ऑइल कूलर.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, टाकीवर मार्करने कूलंटच्या पातळीची रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. पुढच्या लोडच्या फेरीनंतर पुन्हा थंड गाडीवर त्या रेघेशी पातळी ताडून बघा.